बल्ब लावून पद्मिनीचं टायमिंग कसं बसवावं

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी अजून काही जणांनी हौसेनं जपली आहे. अशी गाडी चढावर टकटकू लागली किंवा तिचा पिकअप गेला, की बरेच जण आधी कार्बोरेटर खोलतात. त्याआधी टायमिंग, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी पडण्याची वेळ, बघा. १२ व्होल्टचा बल्ब, दोन वायरी, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि पाने एवढ्यावर काम होतं.

पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटून दाब वाढायला क्षणभर लागतो, म्हणून पिस्टन वर पोचायच्या जरा आधीच ठिणगी पडावी लागते. हा क्षण लहान असला तरी ३००० आरपीएमला क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. म्हणूनच नुसत्या कानाने टायमिंग लावण्यावर माझा भरवसा नाही.

सुरुवात पॉइंटपासून करा. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डब्यातले, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले, उघडझाप करणारे संपर्क म्हणजे पॉइंट; ते उघडले की ठिणगी पडते. पॉइंटमधली फट बदलली की टायमिंगही बदलतं. आधी टायमिंग आणि मग पॉइंट केलेत तर सगळी मेहनत वाया. पॉइंट करपले असतील तर नवे टाका. ते पूर्ण उघडलेले असताना फट साधारण ०.४५ मिमी ठेवा.

आता गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चारही प्लग बाहेर. रेडिएटरकडचा सिलिंडर पहिला. त्याच्या प्लगच्या भोकावर अंगठा धरून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवा. हवा अंगठा ढकलू लागली की पिस्टन कॉम्प्रेशनवर वर येतोय. हे बघायलाच हवं, कारण चौथा पिस्टनही त्याच वेळी वर येतो आणि नुसती खूण बघणारा फसतो. क्रँकच्या पुलीवरची खूण गाडीच्या पुस्तकात दिलेल्या अंशावर आणून थांबा. खूण पुढे गेली तर इंजिन बरंच मागे फिरवा आणि पुन्हा पुढे आणा, नाहीतर गिअरमधला ढिलेपणा घात करतो. रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता तुकडा) डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधल्या पहिल्या सिलिंडरच्या वायरीकडे बघत असला पाहिजे. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२.

बल्बची एक वायर कॉइलकडून (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) डिस्ट्रिब्युटरला येणाऱ्या बारीक वायरीच्या टर्मिनलला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला. इग्निशन ऑन. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प ढिला करून बॉडी रोटरच्या दिशेने फिरवा. पॉइंट मिटून बल्ब विझेल. मग उलट दिशेने हळूहळू फिरवा. बल्ब लागला त्या क्षणी पॉइंट उघडले, म्हणजे ठिणगीही तिथेच. क्लॅम्प आवळा. आवळताना बॉडी किंचित सरकतेच, म्हणून इंजिन दोन फेरे फिरवून बल्ब खुणेवरच लागतो का बघा. इग्निशन उगाच चालू ठेवू नका, कॉइल तापते.

(टायमिंग फार पुढे राहिलं, म्हणजे ठिणगी फार लवकर पडली, तर हँडल मारून इंजिन सुरू करणाऱ्याच्या मनगटाला उलटा तडाखा बसतो. जुन्या लोकांना विचारा.)

इंजिन गरम झाल्यावर रस्त्यावर काढा. टॉप गिअरमध्ये ४०च्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर दाबा. टकटक किंचित येऊन लगेच विरली तर ठीक. सुरूच राहिली तर बॉडी रोटरच्या दिशेने सरकवा. गाडी मंद वाटते, तापते, तर उलट दिशेने. दर वेळी केसभरच, कारण बॉडी १ अंश फिरली की क्रँकवर टायमिंग २ अंशांनी बदलतं.