वावरात राबणाऱ्यांसाठी: आपले सांधे असे तपासा

सुरुवात कोपरापासून करा. दंड बरगड्यांना चिकटवा आणि कोपर काटकोनात ठेवा. हा बिजागरीचा सांधा, दारासारखा फक्त उघडतो आणि मिटतो. ताठ हातापासून साधारण 140 ते 145 अंश मिटतो. आता तळहात वर, मग खाली करा. हे वळणं बिजागरीचं नव्हे. कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याखाली बोटभर अंतरावर दुसऱ्या हाताचं बोट दाबून ठेवा, गोल हाड फिरताना लागेल. तो खिळीचा सांधा. दंड बरगड्यांपासून सुटला की खांदाही वळायला लागतो आणि अंदाज चुकतो.

मान वळते तीही बरीचशी खिळीवरच. जात्याची वरची तळी मधल्या खिळीभोवती फिरते, तसा पहिला मणका दुसऱ्याच्या खुंटीभोवती फिरतो.

खांदा आणि खुबा दोन्ही उखळीचे. खांद्याचं उखळ उथळ, म्हणून हात चौफेर फिरतो आणि निखळतोही लवकर. खुब्याचं खोल, ते अंगाचा भार पेलतं.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ, खोगिरासारखा सांधा आहे. त्याच्यामुळेच अंगठा करंगळीला टेकतो. बोंडातला कापूस उपसताना चिमटीचा सगळा जोर तिथं येतो. वेचणीच्या दिवसांत दुखणं तिथूनच सुरू होतं. नुसत्या शेंड्यांनी ओढू नका, तीन बोटांनी बोंडाच्या बुडाशी धरा.

गुडघ्याला मात्र जास्त वेळ द्या. बाजेवर बसून पाय लोंबता सोडा आणि पाऊल आत-बाहेर वळवा. नडगी थोडी फिरते. आता पाय ताठ करून तेच करा. पाऊल वळेल, पण खुब्यातून. ताठ गुडघा जवळजवळ फिरतच नाही. म्हणजे गुडघा वाकलेला असताना थोडा सैल असतो, आणि घात तिथंच होतो. पावसानंतर काळ्या चिकणीत पाऊल रुतलेलं, गुडघा अर्धवट वाकलेला, डोक्यावर उसाची मोळी, आणि माणूस गाडीकडे वळतो. पाऊल जागचं हलत नाही, वरचं अंग फिरतं, आणि गुडघ्यातली कूर्चेची (चिवट, लवचीक) गादी दोन हाडांमध्ये पिळली जाऊन फाटते. कंबरेतून वळावं तर तिथले मणके वाकतात बरे, पण वळतात फार थोडे.

म्हणून आधी पाऊल उपसा, गाडीच्या दिशेला टाका, मग अंग वळवा. गुडघा अडकून सरळ होईना, सुजला किंवा भार घेईना, तर चोळू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सांधा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी.