रीफ टँक करायचाय, तोही नॅचरल फिल्टरेशनवर? मग पाणी भरायच्या आधी हे ठरवा

रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि समुद्री माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक, करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी टँकची साइज ठरवतात, मग लाइट बघतात, मग मासे कुठले घ्यायचे त्याची लिस्ट होते आणि फिल्टरचा विचार सगळ्यात शेवटी. नॅचरल फिल्टरेशन करायचं असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो, कारण इथे फिल्टर म्हणजे टँकमधला दगड, वाळू, शेवाळ आणि त्यात राहणारे बॅक्टेरिया आणि बारीक किडे, हे सगळं जिवंत आहे, त्याला जागा लागते, वाढायला वेळ लागतो आणि त्याची पचवायची एक मर्यादा असते. त्या मर्यादेपेक्षा जास्त खाणं रोज पाण्यात पडायला लागलं की लाइट कितीही भारी असू दे, टँक शेवाळानेच भरणार. म्हणून पहिला प्रश्न हाच, की या टँकमध्ये रोज किती खाणं पडणार आहे? म्हणजे मासे किती आणि केवढे?

आता आत नेमकं काय चालतं ते थोडक्यात. माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांमधून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. या दोन्हींना ऑक्सिजन लागतो आणि ते कुठेही वाढतात, स्पंजवर, प्लास्टिकच्या बॉलवर, कुठेही, त्यामुळे साधा फिल्टर नायट्रेटपर्यंत आणून सोडतो आणि तिथेच थांबतो. पुढची पायरी म्हणजे नायट्रेटचा नायट्रोजन गॅस होऊन तो हवेत निघून जाणं, आणि ते काम करणारे बॅक्टेरिया जिथे ऑक्सिजन जवळजवळ नाही अशाच जागी काम करतात, म्हणजे सच्छिद्र दगडाच्या पोटात किंवा वाळूच्या जाड थरात खाली. नॅचरल फिल्टरेशनचं प्लॅनिंग म्हणजे बऱ्याच अंशी या कमी ऑक्सिजनच्या जागा तयार करणं. फॉस्फेटचं मात्र असं गॅस होऊन जाणं नाही, ते शेवाळात नाहीतर स्किमरच्या (बुडबुड्यांच्या फेसात घाण पकडणारं यंत्र) कपात अडकवून हाताने बाहेरच काढावं लागतं, हे डोक्यात पक्कं ठेवा.

ही कल्पना नवीन अजिबात नाही. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये समुद्रातला जिवंत दगड (ज्यात बॅक्टेरिया आणि बारीक जीव वसलेत असा), वाळू आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टँक चालवायची पद्धत लिहून प्रसिद्ध केली होती. पुढे बर्लिनमधल्या हौशी मंडळींनी जिवंत दगड, जोरदार प्रोटीन स्किमर आणि चुन्याचं पाणी अशी जोडी बसवली, तीच बर्लिन मेथड. मोनॅकोत जाँ जोबेर यांनी वाळूच्या जाड थराखाली पाण्याचा एक बंद पोकळ थर ठेवून स्किमरशिवाय टँक चालवून दाखवले, आणि अमेरिकेत स्मिथसोनियनच्या वॉल्टर एडी यांनी जाळीवर शेवाळ वाढवून ते खरवडून काढायची पद्धत आणली. आजचे टँक या सगळ्यांची भेसळ असतात आणि त्यात काही गैर नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या टँकसाठी सच्छिद्र दगड, संपमध्ये (मुख्य टँकखाली ठेवलेला जोडटँक) शेवाळाचा रेफ्युजियम, म्हणजे शेवाळ आणि बारीक जीव वाढवायचा वेगळा कप्पा, आणि एक बरा स्किमर. काही लोक म्हणतात स्किमर आला की नॅचरल कुठे राहिलं, पण स्किमर घाण कुजायच्या आधीच बाहेर काढतो आणि पाण्यात भरपूर ऑक्सिजन मिसळतो, म्हणजे जिवंत फिल्टरवरचा भार हलका करतो, मला तरी तो सोडावासा वाटत नाही. स्किमरशिवाय जायचं असेल तर मासे अगदी मोजके ठेवायची तयारी हवी.

साइजबद्दल. लहान टँकमध्ये पाणी पटकन बिघडतं, म्हणून जागा असेल तर १२० बाय ४५ बाय ५० सेमीचा टँक बघा, बाहेरच्या मापाने साधारण २७० लिटर होतात. पण वजन विसरू नका, पाणी, दगड, वाळू, काच, स्टँड आणि खाली संप धरून ४०० किलोच्या वर जातं, तेव्हा भिंतीलगत, फरशी दणकट असेल तिथेच ठेवा, थेट ऊन येणारी जागा टाळा. संप जेवढा मोठा बसेल तेवढा घ्या आणि त्यात वरची थोडी जागा कायम रिकामी ठेवा, पंप बंद पडला की वरचं पाणी खाली उतरतं आणि ते मावलं पाहिजे.

दगडावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. जुना हिशोब १०० लिटरला १०-१२ किलोचा, पण हलका आणि भरपूर छिद्रं असलेला दगड असेल तर त्याहून कमीतही भागतं, कारण वजनापेक्षा आतली छिद्रं महत्त्वाची. समुद्रातून आलेल्या जिवंत दगडाबरोबर किडे, स्पंज, कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव) असं सगळं जीवन फुकट येतं, पण सोबत एप्टेशिया (भराभर पसरणारं, डंख मारणारं अॅनिमोन) किंवा शिकारी मँटिस श्रिंपसारखे त्रासदायक पाहुणेही येतात. कोरडा दगड स्वच्छ असतो पण पिकायला, म्हणजे त्यात बॅक्टेरिया वसायला, महिने लागतात. मधला मार्ग म्हणजे बराचसा कोरडा दगड आणि एखाद्या जुन्या निरोगी टँकमधले थोडे जिवंत तुकडे, तरी काही आठवडे जातील, पण बॅक्टेरिया आणि किड्यांचं बी पडतं. रचताना दगड वाळूवर न ठेवता खालच्या काचेवरच टेकवा, नाहीतर वाळू उकरणारा एखादा गोबी सगळा ढीग खाली आणेल. भिंतीसारखा एकसंध ढीग नको, गुहा आणि कमानी ठेवा, मागूनही पाणी फिरलं पाहिजे. आणि जिवंत दगड कधीही उकळू नका, झोअँथिडसारख्या काही कोरलमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, त्याची वाफ श्वासात गेली तर माणूस दवाखान्यात पोचतो, हाताळतानाही ग्लोव्ह्ज घाला.

वाळूच्या बाबतीत एकतर पातळ, २-३ सेमी, नाहीतर १० सेमीच्या वर, मधलं काही नको. मधल्या जाडीत घाण साठते पण नायट्रेट संपवण्याइतका शांत थर तयार होत नाही. जाड थरासाठी अगदी बारीक अ‍ॅरागोनाइट वाळू घ्या आणि तो एकदा बसला की ढवळू नका, खाली विषारी हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. १२ सेमी थर वरच्या टँकमध्ये घातला तर उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यातच जातो आणि वजन वाढतं ते वेगळं, म्हणून तो संपमध्येच बरा. वाळू जिवंत ठेवायला ब्रिसल वर्म, नासारियस आणि सेरिथ गोगलगायी पुरेशा आहेत, वाळू चाळणारा स्टारफिश मात्र नको, तो त्यातले बारीक जीव खाऊन टाकतो आणि मग स्वतः उपाशी मरतो.

रेफ्युजियममध्ये कीटोमॉर्फा हे शेवाळ लावा, तारेच्या गुंड्यासारखं दिसतं. कॉलर्पा दिसायला सुंदर असतं पण ते कधीकधी एकदम बीजं सोडून विरघळतं आणि साठवलेलं सगळं परत पाण्यात येतं. रेफ्युजियमचा लाइट वरच्या टँकचा लाइट बंद असताना चालू ठेवायचा, म्हणजे रात्री शेवाळ कार्बन डायऑक्साइड घेतं आणि पीएच फार खाली जात नाही. दर एक-दोन आठवड्यांनी मूठभर काढून टाका, ते काढणं म्हणजेच नायट्रेट-फॉस्फेट बाहेर काढणं, नुसतं वाढू दिलं तर एका टप्प्यावर ते थांबतं.

पाणी आरओडीआयचंच (आरओ आणि त्यापुढे डीआयोनायझेशन करून शुद्ध केलेलं), टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य. मीठ ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग), म्हणजे २५ अंशाला स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२६ च्या आसपास, आणि ते रिफ्रॅक्टोमीटरवरच मोजा. उडून जातं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं, म्हणून रोजचा टॉप-अप गोड्या पाण्याचा, शक्य असेल तर ऑटो टॉप-अप लावा. टेंपरेचर २४ ते २७, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवायची पाण्याची ताकद) ८-९ डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम. आकडा अगदी बरोबर असण्यापेक्षा तो रोज तोच राहणं कोरलला जास्त मानवतं. सुरुवातीला पाणी बदलून भागतं, कोरल वाढायला लागले की टॉप-अपच्या पाण्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड (बर्लिन मेथडमधल्या चुन्याच्या पाण्यातला चुना), लिटरला दीड ग्रॅमच्या आसपास, आणि वरचं नितळ पाणीच थेंब थेंब सोडा. त्याचा पीएच १२ च्या वर असतो, एकदम ओतलं तर टँक संपला, डोळ्यात जाऊ देऊ नका.

पाण्याचा जोर तासाला एकूण पाण्याच्या २० पट तरी असावा, वेगवेगळ्या दिशांनी येणारा. लाइटबद्दल एवढंच की मऊ कोरलना ५० ते १०० पार (PAR, कोरलला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) चालतो, अ‍ॅक्रोपोरासारख्या कठीण कोरलना २०० च्या वर लागतो, त्यामुळे कोरल आधी ठरवा.

मग भरा आणि थांबा. अमोनिया थोडा घालून टेस्ट करत राहा, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. त्यानंतर तपकिरी डायटम येतील, लाल सायनो (सायनोबॅक्टेरिया) येईल, हिरवं केसांसारखं शेवाळ उगवेल, हे सगळ्यांकडे होतं, घाबरून औषधं ओतू नका, गोगलगायी सोडा, हाताने काढा, खाणं कमी करा. आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्य करायच्या मागे लागू नका, हे मनापासून सांगतोय, शून्यावर आले की डायनोफ्लॅजेलेट (चिकट थर करणारे एकपेशीय जीव) डोकं वर काढतात आणि ते घालवणं फार अवघड, कोरलही फिके पडतात. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम एवढं राहू द्या.

मासे एका वेळी एक-दोनच, प्रत्येक वेळी मध्ये काही आठवडे सोडून, म्हणजे बॅक्टेरियांना वाढीव भार पकडता येतो. एवढ्या टँकला जन्मभराचे पाच-सहा लहान मासे ठीक आहेत, क्लाउनफिशची जोडी, एखादा गोबी, एखादी ब्लेनी. ब्लू टँग नकोच, तो खूप मोठा होतो. मँडरिन जवळजवळ फक्त कोपेपॉड खातो, एक वर्ष झालेला, दगडा-वाळूत बारीक जीव दिसणारा टँक असेल तरच आणा. कोरलमध्ये आधी झोअँथिड, मशरूम, लेदर असे मऊ, मग युफिलिया, अ‍ॅक्रोपोरा वर्षभराने. घेताना टँकमध्ये वाढवलेले फ्रॅग (कोरलचे कापलेले तुकडे) आणि पैदास केलेले मासेच मागा, कठीण कोरल सगळे सायटीसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि देशोदेशीचे नियम याहून कडक असू शकतात, ते आधी बघून घ्या.

नवीन मासा आधी वेगळ्या टँकमध्ये क्वारंटाइन करा. आजार झालाच तर कॉपरचं औषध मेन टँकमध्ये कधीही नाही, त्याने गोगलगायी, किडे, कोरल सगळे जातील, म्हणजे फिल्टरच जाईल. आणि लाइट गेल्यावर पंप बंद पडला की दगडातल्या बॅक्टेरियांसकट सगळेच ऑक्सिजन संपवत असतात, तेव्हा बॅटरीवर चालणारा एअर पंप पहिल्या दिवसापासून घरात असू द्या.