पूल खेळाडूच्या केसमधल्या या चुका टाळा

पूल म्हणजे टेबलावर क्यूने, म्हणजे लांब काठीने, पांढऱ्या बॉलला मारून बाकीचे बॉल पॉकेटमध्ये पाडायचा खेळ. त्यातल्या व्यावसायिक खेळाडूची केस, म्हणजे क्यू ठेवायची पेटी, उघडली तर आत साधारण हे सापडतं: नेहमीचा क्यू, ब्रेक क्यू (डावाच्या सुरुवातीला रचलेले बॉल फोडायला), जंप क्यू (पांढरा बॉल दुसऱ्या बॉलवरून उडवायला), एखादा जादा शाफ्ट (क्यूचा पुढचा बारीक भाग), टिपला लावायचा चॉक, टिप (क्यूच्या टोकावरचा, सहसा चामड्याचा तुकडा) नीट करायची हत्यारं, मऊ कापड, हातमोजा आणि बटाला, म्हणजे क्यूच्या मागच्या जाड भागाला, मागून जोडायचं एक्स्टेन्शन. हेच सगळं हौशी खेळाडूही विकत घेतो. तरी त्याचे मिसक्यू (टिप बॉलवरून घसरणं) थांबत नाहीत आणि साइड स्पिन (बॉलच्या मध्याच्या बाजूला मारून दिलेली फिरकी) दिला की बॉल पॉकेटच्या तोंडाशी अडकतो. काल बसलेला फटका आज, वेगळ्या हॉलमध्ये, वेगळ्या हवेत तसाच बसावा, एवढ्यासाठी हे सामान असतं. ते लक्षात न घेता खरेदी केली आणि वापरलं, की पुढच्या चुका होतात.

टिपकडे दुर्लक्ष

क्यू कितीही महाग असो, पांढऱ्या बॉलला लागते ती टिप, आणि तीही सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाच वेळ. म्हणून मिसक्यू वाढले की सगळ्यात आधी टिप पाहावी. लोक मात्र नवा शाफ्ट शोधायला लागतात.

सतत खेळून चामड्याचा पृष्ठभाग दबतो, चकचकीत होतो आणि चॉक धरेनासा होतो. यावर उपाय म्हणजे स्कफरने, म्हणजे खरखरीत घासणीने, हलकेच खरवडणं किंवा टोचणीने बारीक भोकं पाडणं. इथे हात आवरावा लागतो. दर डावाआधी खरवडणारे खेळाडू महिनाभरात टिप निम्मी संपवतात आणि तिचा गोलावाही बिघडवून ठेवतात. चॉक लावल्यावर थर सगळीकडे सारखा दिसत असेल तर टिपला हातही लावू नका.

गोलावा सपाट होणं हा दुसरा बिघाड. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा असतो. मध्यापासून साधारण १४ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे त्रिज्येच्या निम्म्याहून अधिक बाजूला मारलं की चांगली टिपसुद्धा घसरते. टिप सपाट असेल तर बॉलला मध्याऐवजी तिची कड लागते आणि ही मर्यादा आणखी लवकर येते. बरेच खेळाडू अमेरिकेच्या पाच किंवा दहा सेंटच्या नाण्याच्या कडेशी टिपचा गोलावा जुळवतात. दहा सेंटचं नाणं लहान, म्हणून तो गोलावा जास्त. दोन्हींपैकी कोणता चांगला यावर वाद घालण्यापेक्षा एक निवडा आणि तोच टिकवा.

तिसरा बिघाड म्हणजे टिप दबून फेरूलच्या (टिपखालच्या कड्याच्या) बाहेर पसरणं. पसरलेली कड ट्रिमरने कापून तिची बाजू घासून गुळगुळीत करा. नवी मऊ टिप सुरुवातीला जास्त पसरते, म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी टिप बदलणं ही मला सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. नव्या टिपला बसायला वेळ द्यावाच लागतो.

मिसक्यू का होतो हे शोधताना क्रम पाळा. आधी चॉक, मग चकाकी, मग गोलावा. तिन्ही ठीक असतील आणि फटक्याचा आवाज बोदा येत असेल, तर टिपचा डिंक सुटला आहे का किंवा फेरूलला चीर गेली आहे का ते पाहा. हे सगळं निर्दोष निघालं, की मग स्वतःच्या हाताकडे, म्हणजे स्ट्रोककडे वळा.

चॉक भोकात फिरवणं

क्यू उभा धरून चॉकच्या मधोमध टिप गरगर फिरवली की चॉकला खोल खड्डा पडतो, कडा फेरूलला घासतात आणि टिपच्या बाजूला चॉक लागतच नाही. साइड स्पिन देताना कामाची असते ती नेमकी हीच बाजू. चॉक ब्रशसारखा, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे ओढावा, आणि फटक्याआधी टिपकडे एकदा नजर टाकावी.

भरमसाट चॉकही नको. बॉलवर चॉकचा डाग पडला आणि तो डाग नेमका दोन बॉलच्या स्पर्शाच्या जागी आला, तर तिथे घर्षण अचानक वाढतं आणि बॉल अपेक्षित कोनात जात नाही. अगदी सोपा कट (तिरका फटका) हव्यापेक्षा मधोमध लागल्यासारखा चुकला, तर बॉल पुसलेले आहेत का हे विचारायला संकोचू नका. चॉक टेबलावर ठेवताना रंगाची बाजू वर ठेवा, नाहीतर कड्यावर आणि पुढच्या माणसाच्या बाहीवर डाग उमटतात. खिशात स्वतःचा चॉक बाळगणं शहाणपणाचं, पण तो कापडाच्या रंगाचा असावा.

जादा शाफ्ट, पण वेगळ्या जातीचा

ही चूक सहज ध्यानात येत नाही. साइड स्पिन देताना पांढरा बॉल सरळ रेषेतून थोडा उलट बाजूला सरकतो. किती सरकेल हे मुख्यतः शाफ्टच्या टोकाकडच्या वजनावर ठरतं. पुढचं टोक हलकं केलेल्या किंवा कार्बन फायबरच्या शाफ्टमध्ये हे सरकणं कमी, साध्या मेपल लाकडाच्या शाफ्टमध्ये जास्त. नेहमी कार्बनने खेळणारा माणूस अडचणीच्या वेळी मेपलचा शाफ्ट लावतो, नेम तोच धरतो आणि बॉल चुकतो. दोष शाफ्टचा नाही, सवयीचा. जादा शाफ्ट त्याच बनावटीचा, त्याच जाडीचा आणि तशाच टिपचा ठेवा, आणि सरावात अधूनमधून त्यानेही खेळा.

आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती जोडाची. जोडाचे स्क्रू अनेक प्रकारचे असतात आणि एका क्यूचा शाफ्ट दुसऱ्यावर बसेलच असं नाही. जबरदस्तीने फिरवलात तर आटे जातात. फटक्यानंतर हातात बारीक झिणझिण जाणवली तर आधी जोड घट्ट आहे का, त्याच्या तोंडाशी चॉकची पूड साचली आहे का ते बघा. केसमध्ये ठेवताना जोडावर टोपणं लावली की हा त्रास बराच टळतो.

नेहमीच्या क्यूने ब्रेक

जोरदार ब्रेकने टिप दबते, पसरते आणि तिचा कडकपणा बदलतो. ब्रेकसाठी कडक टिपचा वेगळा क्यू असतो तो यासाठीच. फक्त एक तपासून घ्या: फेनोलिकसारख्या (एक कडक प्लास्टिक) अतिकडक टिप सगळ्या स्पर्धांत चालतीलच असं नाही. जंप क्यूचंही तसंच, काही लीगमध्ये त्याला परवानगी नसते. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या मापांनुसार क्यू किमान ४० इंच लांब हवा, वजन २५ औंसांपेक्षा जास्त नको आणि टिप १४ मिलिमीटरपेक्षा रुंद नको. लांब एक्स्टेन्शन किंवा जादा वजन लावणाऱ्यांनी वजनाचा आकडा लक्षात ठेवावा.

उन्हात, भिंतीला टेकवून, ओल्या कापडाने

लाकडी शाफ्टचं सगळ्यात मोठं नुकसान खेळताना नव्हे, तर ठेवताना होतं. उन्हात उभ्या गाडीत राहिलेला किंवा दमट खोलीत तिरका टेकवलेला क्यू हळूहळू वाकतो. तपासायला शाफ्ट टेबलावर लोळवा आणि त्याच्याखालच्या फटीतला उजेड पाहा: फट वरखाली होत असेल तर बाक आहे. शाफ्ट वेगळा, मग जोडलेला क्यू, असं दोनदा लोळवा. एकटा सरळ आणि जोडल्यावर वाकडा दिसला तर दोष जोडात किंवा बटात असतो.

चिकटपणा घालवायला लाकूड पाण्याने धुऊ नये. किंचित दमट कापडाने पुसून लगेच कोरडं करा आणि चामड्याच्या तुकड्याने घासून गुळगुळीत करा. सँडपेपर मारत राहिलात तर शाफ्ट बारीक होत जातो. कार्बनच्या शाफ्टला सँडपेपर मुळीच नको, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलं केलेलं कापड पुरतं.

हातमोजा घामाच्या हाताला उपयोगी पडतो, टाल्कम पावडरपेक्षा नक्कीच, कारण पावडर कापडावर सांडते. पण मोजा घालायचा तर सरावातही घाला. आणि केस घेताना आपल्याकडे किती बट आणि किती शाफ्ट आहेत हे मोजूनच घ्या. दोन बट, चार शाफ्टची केस बहुतेकांना पुरते. रिकाम्या मोठ्या केसमध्ये माणूस न लागणाऱ्या वस्तू भरत राहतो, आणि सामन्याच्या मधोमध हवा असतो तो स्कफर तळाशी जाऊन बसतो.