भीमाशंकरच्या जंगलात शेकरू दिसत नाही? या चुका टाळा

"चार तास फिरलो, पण एक प्राणी दिसला नाही. जंगलात काही उरलंच नाही हो." प्रत्येक लांब सुट्टीनंतर हे वाक्य मला कुणाकडून तरी ऐकावं लागतं. मी उलट विचारतो, एका जागी बसलात किती वेळ? समोरचा गप्प होतो. बसला कुणीच नसतो.

भीमाशंकरच्या माथ्यावरचं जंगल निमसदाहरित आहे. अंजनी, जांभूळ आणि पिसा ही इथली मुख्य झाडं, आणि या तिघांच्या नावानंच अभ्यासक या जंगलाचा प्रकार ओळखतात. रुंद, जाड पानं, वर फांद्या एकमेकींत अडकलेल्या आणि खाली भर दुपारी सावली. ताडोब्यात जिप्सीतून रस्त्यावरचा वाघ बघायची सवय लागलेल्या डोळ्यांना इथं पंचवीस-तीस पावलांपलीकडचं काही दिसत नाही. इथं आधी कानांनी शोधायचं असतं, आणि चालणाऱ्याच्या कानात त्याच्याच बुटांचा आवाज भरलेला असतो.

चूक पहिली, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: चालत राहणं

शेकरू, म्हणजे झाडावर राहणारी मोठी खार, दचकलं की दरवेळी पळून जात नाही. बऱ्याचदा ते फांदीला पोट चिकटवून निपचित पडतं. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळपास मीटरभर लांबीचा, तांबूस-तपकिरी आणि पिवळसर रंगाचा प्राणी, पण असा पडला की खालून दिसत नाही. म्हणजे गलका करत जाणारा घोळका बरोबर त्याच्या खालून जातो आणि "इथं काही नाही" म्हणत पुढे सरकतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात चौदा जणांना घेऊन गेलो होतो. सगळे हौशी, सगळ्यांच्या गळ्यात नवे कॅमेरे. गुप्त भीमाशंकरच्या वाटेनं सकाळभर चाललो. थांबा म्हटलं की दोन मिनिटं थांबायचे, मग कुणीतरी विचारायचं, "पुढे जायचं का?" हाती काही लागलं नाही आणि संध्याकाळी सगळे नाराज. दुसऱ्या दिवशी बाकीचे नागफणीच्या टोकाला गेले. एका आजोबांचे गुडघे दुखत होते, म्हणून ते आणि त्यांची नात माझ्याबरोबर थांबले. आदल्या दिवशीच्याच वाटेवर एका जांभळीपासून थोडं अंतर ठेवून घोंगडी अंथरून आम्ही बसलो. पहिली वीस मिनिटं काहीच नाही. मग चष्मेवाला पक्ष्यांची बारीक किलबिल सुरू झाली, त्यांच्यामागून निखार आले, हरेवा आला. आणखी थोड्या वेळानं वाळक्या पानांवर "टप्" आवाज झाला. पुन्हा टप्. अर्धवट खाल्लेली जांभळं पडत होती. नातीनं माझी बाही ओढली. वर शेकरू मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लटकलं होतं आणि पुढच्या दोन्ही पायांत फळ धरून खात होतं. पाऊण तास ते आमच्या डोक्यावर होतं. आदल्या दिवशी आमची चौदा माणसं याच झाडाखालून दोनदा गेली होती.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. एका सकाळी दोनच जागा, फार तर तीन. प्रत्येक ठिकाणी किमान चाळीस मिनिटं, आणि ही चाळीस मिनिटं आपण बसल्यापासून मोजायची नाहीत, आपण आल्यावर गप्प झालेले पक्षी पुन्हा बोलायला लागले की तिथून मोजायची. सकाळी सहाला मी जागेवर असतो. दहानंतर शेकरू विश्रांतीला जातं, मग दुपार उतरेपर्यंत फारसं हलत नाही. जागा निवडताना आधी घरटी शोधतो. उंच झाडांवर बारीक फांद्यांच्या टोकांकडे काटक्या-पानांचे मोठे गोळे दिसतात. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे आत शेकरू असेलच असं नाही. म्हणून झाडाखाली ताजी कुरतडलेली फळं, सालीचे तुकडे पडले आहेत का तेही बघतो. "चक-चक-चक" असा शेकरूचा खडखडाट ऐकू आला तर उठून तिकडे धावू नका. बसल्या जागी दुर्बीण तिकडे वळवा. माझी दुर्बीण 8×42 आहे, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटरच्या भिंगाची. गर्द सावलीत जास्त मोठं करणाऱ्या दुर्बिणीपेक्षा जास्त उजेड घेणारी बरी पडते.

नवख्यांना हे सांगितलं की ते विचारतात, "पण नक्की दिसेल ना?" नक्की दिसेल असं मी कुणालाही सांगत नाही. ज्याला खात्रीच हवी त्यानं या जंगलात येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही चुका थोडक्यात

श्रावणी सोमवार, महाशिवरात्र किंवा शनिवार-रविवारी देवदर्शन आणि जंगल एकाच दिवशी उरकायला जाऊ नका. आडवार निवडा.

वेफर्सचं पाकीट जंगलात फार लांबवर ऐकू जातं. मी भाकरी फडक्यात बांधून नेतो.

झुडपाला हात टेकवण्याआधी बघा. हिरवा चापडा हा साप दिवसभर फांदीवर न हलता बसून असतो, तो विषारी आहे, आणि त्याची बसायची उंची बऱ्याचदा आपल्या हाताचीच असते.

थंडीत खाजकुयलीच्या शेंगांवरची लव अंगाला लागली तर चोळू नका. चिकटपट्टीनं उचलून काढा, मग धुवा.

पावसाळ्यात धुकं उतरलं की वाट सोडायची नाही. कोकणाच्या बाजूला सरळ कडे आहेत. धुकं दाट झालं तर मी आहे तिथंच बसून राहतो, मग तास जावो की दोन तास.

गारंबीच्या वेलाला लोंबकळून फोटो काढू नका. वरच्या प्राण्यांसाठी ते वेल म्हणजे एका झाडावरून दुसऱ्यावर जायचे पूल आहेत.

वानरांना बिस्किटं देऊ नका. यावर मला वाद घालायचा नाही.

घरट्यासमोरची पानं बाजूला करणं

ही चूक मी विसरू शकत नाही. स्वर्गीय नर्तक पक्ष्याचं घरटं होतं, जूनच्या सुरुवातीला, वाटेपासून दहा-बारा फुटांवर. झाडाच्या बारीक दुबेळक्यात कोळ्याच्या जाळ्यानं लिंपलेली, चहाच्या कपाएवढी वाटी. मादी आत बसायची, नर पांढरी लांब शेपूट सांभाळत तिच्या जागी यायचा. ते घरटं मी तीन दिवस लांबून पाहत होतो, कुणाला दाखवलं नव्हतं. चौथ्या दिवशी एका ओळखीच्या छायाचित्रकाराला दाखवलं. फोटोत एक फांदी आडवी येत होती. मी पाणी भरायला ओढ्याकडे गेलो, तेवढ्यात त्यानं ती फांदी मोडली आणि शेजारच्या दोन डहाळ्या दोरीनं मागे बांधल्या. फोटो सुंदर आला. मी डहाळ्या सोडल्या, पण मोडलेली फांदी परत कशी लावणार? दुपारी ऊन थेट वाटीत पडत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटं रिकामं होतं. अंडी कुणी नेली, कावळ्यानं की आणखी कुणी, ते कळलं नाही. नर-मादी दोघं त्या झाडाभोवती घिरट्या घालत होते.

आपल्याला अडथळा वाटणारं ते पान त्या पाखरानं निवडून घेतलेलं असतं. रुंद पानांच्या जंगलात ते घरटं बांधतं तेच त्या पानांसाठी. आता मी घरटं कुणालाच दाखवत नाही, जवळच्या मित्रालाही नाही. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला समोर आणणाऱ्यांबरोबर मी जात नाही. विणीच्या दिवसांत त्या आवाजानं नराला वाटतं की आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला. मग तो अंडी-पिल्लं सोडून त्याला हुसकायला धावतो. चांगला फोटो लवकर मिळावा म्हणून हा सोपा मार्ग धरतात, आणि त्याची किंमत पाखरू भरतं.

जंगल रिकामं आहे असं समजणं

1985 साली हे अभयारण्य झालं. त्याआधी कितीतरी पिढ्यांपासून इथं महादेव कोळी माणसं राहतात. उन्हाळ्यात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करून त्यावर अनेक घरं चालतात. वाटेत पोतं घेऊन चाललेली बाई दिसली तर न विचारता तिचा फोटो काढू नका. राम राम करा, वाट विचारा. मला पिसा आणि हिरडा कोवळ्या पानांवरून ओळखायला अशाच एका मावशींनी शिकवलं, आणि कुठल्या उंबरावर शेकरू येतं तेही त्यांनीच सांगितलं. वाटाड्या घ्या आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या.

आहुपेसारख्या गावांच्या देवरायांत, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानांत, तर वाळलेली काटकीही उचलायची नसते. "पडलेलंच तर आहे" म्हणत लोक बी-शेंगा खिशात घालतात. मी देवराईच्या तोंडाशी पायताण काढतो. कुणी सांगितलं म्हणून नाही. अनवाणी पाय आपोआप हळू पडतात, आणि पाचोळ्यातल्या पाचू होला पक्ष्याची चाहूलही लागते.

चमकणारी बुरशी बघायची घाई

पावसाळ्यात कुजक्या लाकडावर हिरवट उजेड देणारी बुरशी इथं दिसते. रात्रीचं जाणं वनखात्याची परवानगी असेल तरच, आणि गावातल्या माणसाबरोबरच. लोक दर मिनिटाला बॅटरी लावतात आणि मग म्हणतात, कुठे आहे, दिसत नाही. अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटं तरी लागतात, आणि एकदा फोन उघडला की ती वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. मी फोन गावातच ठेवून जातो. आणि ते लाकूड घरी नेऊ नका. वाळलं की उजेड जातो. जागेवर राहिलं तर ओल असेतो उद्याही तिथंच चमकेल.