पत्रकारिता परिषदेत सत्र मिळवायचं असेल तर

सत्राचा प्रस्ताव कसा लिहावा हे विचारलं की 'विषय ताजा घ्या' एवढंच ऐकायला मिळतं. ताजा विषय सगळ्यांकडेच असतो, म्हणून तर निवड समितीपुढे दरवर्षी त्याच चार-पाच विषयांची चळत येऊन पडते.

मुदत आधी बघा. इटलीतल्या पेरुजाचा आंतरराष्ट्रीय पत्रकारिता महोत्सव एप्रिलमध्ये असतो, पण प्रस्ताव आदल्या वर्षीच मागवतात. शोधपत्रकारांची जागतिक परिषद, जीआयजेसी, २००१ मध्ये कोपनहेगनला सुरू झाली. ती दोन वर्षांतून एकदा भरते, म्हणजे तारीख हुकली की बसा वाट बघत.

मग मागच्या वेळचा कार्यक्रम नीट वाचा. पेरुजाला प्रवेश सगळ्यांना मोफत, त्यामुळे समोर विद्यार्थी आणि सामान्य वाचकही बसलेले असतात. अमेरिकेतल्या आयआरई या शोधपत्रकारांच्या संस्थेच्या परिषदेत मात्र 'हे तू शोधलंस कसं' एवढ्यातच लोकांना रस असतो आणि वक्ते टिपशीट, म्हणजे शोध कसा घेतला त्याच्या युक्त्यांचं टिपण, देतात. एकच मजकूर दोन्हीकडे पाठवणाऱ्यांना नकार येतो, तो रास्तच म्हणायचा.

आता खरी मेख. विषय म्हणजे सत्र नव्हे, हे कळायला मला तीन वर्षं लागली. माझा पहिला प्रस्ताव होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि पत्रकारितेचं भवितव्य'. खाली 'आव्हानं', 'संधी', 'ऊहापोह' असे शब्द भरलेली दोनशे शब्दांची पेंड. नकार आला. पुढच्या वर्षी विषय बदलला, पेंड तीच ठेवली, पुन्हा नकार. पुढे एका निवड समितीत बसायची वेळ आली आणि तसले प्रस्ताव एकापाठोपाठ एक वाचताना माझीच मला लाज वाटली. शीर्षकात दोन भारदस्त नामं आणि मध्ये 'आणि' दिसला की हल्ली मी थेट दुसऱ्या परिच्छेदावर जाते. तिथेही काही नसतं.

माझी कसोटी एकच: सत्र ऐकून गेलेला बातमीदार उद्या डेस्कवर नेमकं काय वेगळं करेल? उत्तर एका वाक्यात येत नसेल तर फॉर्म उघडूच नका. तिसऱ्या वर्षी मी भवितव्य बाजूला ठेवलं आणि हातातलं काम घेतलं. मुलाखतींची ध्वनिमुद्रणं आम्ही यंत्राकडून लेखी उतरवून घेत होतो आणि मग कानाने तपासत होतो. विशेषनामं आणि आकडे चुकत, ते अपेक्षितच होतं. पण मध्येच एखादा 'नाही' गळायचा आणि माणसाने नाकारलेली गोष्ट त्याने कबूल केल्यासारखी दिसायची. कधी तर तो गप्प बसलेला असताना यंत्र वाक्य रचून मोकळं. प्रस्तावात हेच लिहिलं: चुका कुठे होतात, आम्ही त्या कशा पकडतो, आणि तपासणीची यादी श्रोत्यांना देऊ. तो स्वीकारला गेला.

निष्कर्ष राखून ठेवू नका. 'धक्कादायक बाबी सत्रात उलगडू' असं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. समितीला उत्कंठा नको असते, सत्रात माल आहे याची खात्री हवी असते. फसलेले प्रयत्नही लिहा. ते ऐकायला लोक जास्त येतात. मात्र सूत्रांची ओळख उघड होईल असं काही फॉर्ममध्ये लिहू नका. तो किती जण वाचतात, तुम्हाला ठाऊक नसतं.

पॅनेलवर पाच माणसं नकोत. तासभराच्या सत्रात प्रस्तावनेला पाच मिनिटं, प्रश्नांना पंधरा. उरलेल्या चाळिसात पाच जण म्हणजे प्रत्येकी आठ मिनिटं, आणि आठ मिनिटांत थांबणारा पत्रकार मी अजून पाहिलेला नाही. दोन वक्ते पुरेत, तेही एकाच न्यूजरूममधले नसावेत. मॉडरेटर, म्हणजे चर्चा चालवणारा, असा हवा जो वक्त्याला मध्येच तोडेल. विचारल्याशिवाय कुणाचं नाव घालू नका. मी एकदा घातलं होतं. त्या गृहस्थांना ते कार्यक्रमपत्रिकेत वाचून कळलं, आणि आमचं बोलणं वर्षभर बंद होतं.

स्वतःचा परिचय दोन ओळींत, पुरस्कारांची यादी वगळून.

प्रवासखर्च कोण देणार ते आधी वाचा. वक्त्याला प्रवेशशुल्क माफ म्हणजे विमानाचं तिकीट मिळालं असं नव्हे. जीआयजेसीला विकसनशील देशांतल्या पत्रकारांसाठी शिष्यवृत्त्या असतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा.

नकार आला तर वाद घालू नका. 'मॉडरेटर लागला तर मी येईन' एवढं मात्र कळवा. आयत्या वेळी माणसं गळतात. परिषदेच्या मंचावर मी पहिल्यांदा बसले ते अशाच एका रिकाम्या झालेल्या खुर्चीत, दुसऱ्या नकारानंतर.