घरातल्या निरक्षर वडीलधाऱ्यांना वाचायला कसे शिकवावे

घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला अक्षरे शिकवायची असतील, तर पाटी विकत आणण्याआधी स्वतःच्या मनातली एक समजूत तपासून घ्यावी. शिकला की माणूस सुधारतो, असे आपण सहज म्हणतो. न शिकलेला माणूस कुठेतरी कमी पडलेला आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. आपल्या ते लक्षात येत नाही, पण समोर बसलेल्याच्या पहिल्याच दिवशी येते. आमच्या सत्तरीच्या आत्याबाईंना शिकवायला बसलो, तेव्हा मी मोठ्या हौसेने पाटीवर 'शिका आणि शहाणे व्हा' असे लिहून वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "मंजी आजवर म्या येडी हुते व्हय रं?" आणि पाटी बाजूला सारून भाजी निवडायला उठून गेल्या. पुढचे आठ दिवस त्या फिरकल्या नाहीत.

एखाद्याला झापताना आपण 'शिकून-सवरून असे वागतोस?' असे विचारतो. शिकण्यातच सवरणे आपोआप आले असते, तर दुसऱ्या क्रियापदाची गरज पडली नसती. जनगणनेच्या हिशेबात सात वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येते ती साक्षर. तिच्या वागणुकीचा रकाना त्या अर्जात नाही. महाराष्ट्रात २००१ ते २०११ या दहा वर्षांत साक्षरता सुमारे ७६.९ टक्क्यांवरून ८२.३ टक्क्यांवर गेली आणि त्याच दहा वर्षांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ९१३ वरून ८९४ वर आली. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९९४ सालीच झालेला होता, आणि तो मोडून निदान करणारे हात अंगठा उठवणारे नव्हते.

मग शिकवायचे कशासाठी? याचे उत्तर जोतीराव फुल्यांनी देऊन ठेवले आहे. १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सगळ्या अनर्थांचे मूळ त्यांनी अविद्येत दाखवले, हे आपल्याला पाठ असते. पण त्याच ग्रंथात लिहिता-वाचता येणारे सरकारी कामगार, म्हणजे अंमलदार-कारकून, अडाणी शेतकऱ्याला कसे नाडतात, याचेही वर्णन पानोपानी आहे, ते आपण विसरतो. दुसऱ्याच्या विद्येपासून स्वतःचे रक्षण करता यावे म्हणून विद्या हवी, असा त्याचा एक सरळ अर्थ मला लागतो. शिकवताना तेवढा एक हेतू मनात ठेवला की उपदेशाचा सूर आपोआप गळून पडतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सर्वप्रथम डोळे तपासून घ्यावेत. 'आता या वयात डोक्यात शिरत नाही' असे म्हणणाऱ्या अनेकांना खरे तर जवळचे दिसत नसते, आणि आयुष्यात कधी वाचावे न लागल्यामुळे ते त्यांना कळलेलेही नसते. चष्मा आल्यावर पहिले पंधरा दिवस पाटी आणि जाड खडू वापरावा. खुरप्याची मूठ पेललेल्या बोटांना पेन्सिल फार बारीक वाटते आणि वहीतली खाडाखोड तशीच दिसत राहते. पाटी मात्र पुसता येते.

'ग म भ न' या शाळेच्या क्रमाने जाण्याचे कारण नाही. त्यांना काय वाचायचे आहे ते विचारावे. कोणाला एसटीची पाटी वाचायची असते, कोणाला रेशनकार्ड, कोणाला नातवाचा मेसेज. सुरुवात त्यांच्या स्वतःच्या नावापासून करावी आणि त्यातली अक्षरे फिरवून घरातल्या दुसऱ्या नावांकडे जावे. पहिल्या वेलांटीपाशी मोठी माणसे हमखास अडतात, कारण ती बोलताना व्यंजनानंतर येते आणि लिहिताना त्याच्या आधी. ही तक्रार रास्त आहे, असे मोकळेपणाने मान्य करावे; 'अशीच पद्धत आहे' एवढेच उत्तर पुरते. रफार आणि जोडाक्षरे दोन महिन्यांनी घेतली तरी चालतात.

आकडे शिकवताना मोजायला शिकवू नये. सव्वापाच किलोचा भाव तोंडी करणाऱ्या बाईला एकापासून शंभरापर्यंत म्हणायला लावणे हा अपमान आहे; तिला फक्त आकड्यांचे आकार दाखवावेत, तेही दोन्ही तऱ्हेचे, कारण मोबाइलवर इंग्रजी आकडे असतात आणि जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर मराठी.

वाचनाच्या मजकुरासाठी त्यांचीच वाक्ये घ्यावीत. त्या बोलतील ते लिहून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी तेच त्यांना वाचायला द्यावे. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती; त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्याच्या मावसभावाने टिपून ठेवल्या म्हणून १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. शहाणपण बहिणाबाईंचे होते, घरातल्या साक्षरांनी ते टिपले. शिकवणाऱ्याने स्वतःची जागा तेवढीच समजावी.

चार-पाच महिन्यांनी घरातली कागदपत्रे काढावीत. इथे मात्र सावध राहावे, कारण कागद बोलू लागले की घरात काय निघेल ते सांगता येत नाही. आत्याबाईंनी जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर आपले नाव ओळखले आणि विचारले, "माझ्या नावाच्या दोन्ही अंगाला हे विळं कशापायी?" ते विळे म्हणजे कंस होते, नाव कमी झाल्याची खूण. वीस वर्षांपूर्वी 'सहीचं काम हाय' म्हणून त्यांच्याकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला होता, आणि तो घेणारे आमच्या घरातले सर्वांत जास्त शिकलेले गृहस्थ, माझे सख्खे काका होते. अशा वेळी शिकवणाऱ्याने वकिली करू नये आणि सारवासारवही करू नये. कागद जसाच्या तसा वाचू द्यावा. काय करायचे ते त्या ठरवतील. आत्याबाईंनी दावा लावला नाही. दिवाळीत काकांना बोलावून पाटावर बसवले, जेवू घातले आणि तो उतारा त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवला.

शेवटचे काम बँकेतले. सही येऊ लागली म्हणून ती लगेच चालत नाही. खाते अंगठ्यावर असेल, तर नवी नमुना सही नोंदवण्याचा अर्ज द्यावा लागतो. फोटो, आधारकार्ड आणि पासबुक बरोबर न्यावे. काउंटरवर घाईत हात थरथरतो, म्हणून त्याआधी घरी आठवडाभर एकाच मापाच्या चौकटीत सही गिरवून घ्यावी. पेन आपले न्यावे, कारण दोरीला बांधलेले पेन बहुधा उमटत नाही.