जुन्या अँबॅसिडर-पद्मिनीचा करंट कुठे अडतो, ते कसे शोधावे

सेल्फ जोमाने फिरतो, टाकीत पेट्रोल आहे, तरीही इंजिन पेट घेत नाही, ही तक्रार गोव्यात पावसाळा लागला की जुन्या मोटारींच्या मालकांकडून हमखास ऐकू येते. समुद्राकडची खारी हवा आणि जून ते सप्टेंबर न हटणारा दमटपणा यांमुळे शेडमध्ये नुसत्या उभ्या असलेल्या गाडीचेही पितळी व तांब्याचे जोड हिरवे पडतात. अशा वेळी शेजारीपाजारी जो सल्ला देतात, तो ठरलेला असतो: प्लग बदला, कॉइल बदला, कार्ब्युरेटर उघडा. एकाच दिवशी चार सुटे भाग बदलल्यावर गाडी सुरू झाली, तरी दोष कशात होता हे कळत नाही, आणि बदललेल्या भागांपैकी एखादा नवाच भाग निकृष्ट निघाला तर दुसरा दोष पदरात पडतो. म्हणून बॅटरीपासून प्लगपर्यंत करंट ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने तपासत जावे आणि एका वेळी एकाच गोष्टीला हात लावावा.

प्रथम ठिणगी आहे की नाही हे ठरवावे. कॉइल म्हणजे बॅटरीच्या करंटचा दाब ठिणगीएवढा वाढवणारी गुंडाळी, डिस्ट्रिब्युटर म्हणजे ती ठिणगी पाळीपाळीने चारही प्लगना वाटणारा भाग, कॅप त्याचे झाकण आणि रोटर कॅपखाली फिरणारा वाटप्या. कॉइलमधून निघून डिस्ट्रिब्युटरच्या मधोमध जाणारी जाड वायर कॅपमधून काढून तिचे टोक इन्सुलेटेड पक्कडीने इंजिनाच्या धातूपासून सुमारे पाच-सहा मिलिमीटर अंतरावर धरावे आणि दुसऱ्या माणसाने सेल्फ मारावा. हे कार्ब्युरेटरपासून दूर करावे आणि वायर नुसत्या हाताने कधीही धरू नये. निळसर, कडक आवाजाची ठिणगी उडाली तर कॉइलपर्यंतचे सर्व ठीक आहे. मग दोष बहुधा कॅप, रोटर, प्लगच्या वायरी किंवा पेट्रोल यांपैकी एकात आहे. पिवळी, मरगळलेली ठिणगी दिसली किंवा काहीच दिसले नाही, तर दोष जवळजवळ नेहमी कॅपखालच्या चार बोटे जागेत सापडतो.

या चार बोटे जागेने मला इतर सर्व कामांपेक्षा अधिक छळले आहे, म्हणून येथे घाई करू नये. साधन एकच लागते: बारा व्होल्टचा साधा तारेचा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प. एलईडीचा लॅम्प घेऊ नये, कारण तो नाममात्र करंटवरही उजळतो आणि खराब जोडाला चांगला ठरवतो. चारही प्लग काढावेत, मधली जाड वायर इंजिनाला टेकवून ठेवावी, इग्निशन चालू करावे आणि लॅम्पचे एक टोक अर्थला, म्हणजे इंजिनाच्या उघड्या धातूला, व दुसरे कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील टर्मिनलला लावावे. मग टॉप गिअरमध्ये गाडी हळूहळू ढकलून इंजिन फिरवावे. पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी कॅपखालची दोन टोके, उघडले की लॅम्प लागला पाहिजे आणि मिटले की विझला पाहिजे. पॉइंट मिटलेले असताना इग्निशन फार वेळ चालू ठेवू नये, कॉइल उगाच तापते.

लॅम्प कधीच लागत नसेल, तर तो आधी कॉइलच्या दुसऱ्या, म्हणजे स्विचकडून येणाऱ्या टर्मिनलवर लावून पाहावा. तेथेही अंधार असेल तर दोष स्विच, वायर किंवा फ्यूजकडे आहे. तेथे प्रकाश असेल, तर डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक वायर कॉइलवरून सोडवून लॅम्प पुन्हा डिस्ट्रिब्युटरकडील टर्मिनलला लावावा. आता तो लागला, तर कॉइलची आतली गुंडाळी शाबूत असून डिस्ट्रिब्युटरच्या आत करंट कुठेतरी थेट अर्थला जात आहे. तरीही लागला नाही, तर कॉइल गेली आहे. अर्थला जाणाऱ्या करंटची कारणे बहुधा ही तीन असतात: कंडेन्सर (पॉइंटमधली ठिणगी दाबणारी छोटी डबी) शॉर्ट झालेला असतो, आतल्या वायरीचे आवरण बॉडीला घासून फाटलेले असते, किंवा पॉइंट बसवताना खांबावरचे इन्सुलेटिंग वॉशर उलटसुलट क्रमाने लावलेले असतात. हे तिसरे कारण नव्या पॉइंटनंतर बंद पडलेल्या गाडीत मी सर्वांत आधी तपासतो. स्प्रिंगची पट्टी व वायरीची टोके एकमेकांना टेकलेली आणि खांबापासून मात्र अलग असली पाहिजेत. जुने पॉइंट सोडवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवला की पुढचा मनस्ताप वाचतो.

लॅम्प सतत लागलेलाच राहत असेल, तर पॉइंट मिटूनही जोड होत नाही. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत पॉइंटवर डोळ्यांना न दिसणारा थर चढतो. बारीक पॉलिश पेपरची अरुंद पट्टी दोनदा ओढावी, मग पेट्रोलमध्ये ओला केलेला स्वच्छ कागद ओढून कण काढावेत. हे करताना इग्निशन बंद असावे. कणांवरच गाडी चालवणारे पुष्कळ लोक पुन्हा आठवड्याने तक्रार घेऊन येतात. पॉइंट स्वच्छ असूनही लॅम्प विझत नसेल, तर ज्या प्लेटवर पॉइंट बसतात, तिची छोटी अर्थची वायर पाहावी. इंजिनाच्या व्हॅक्यूमने, म्हणजे हवेच्या ओढीने, प्लेट मागेपुढे हलत असल्यामुळे ही वायर आवरणाच्या आतच तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते.

आता उघडलेल्या पॉइंटमधले अंतर. अँबॅसिडरच्या लुकास डिस्ट्रिब्युटरमध्ये ते ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावे, पद्मिनीसाठी आपल्या डिस्ट्रिब्युटरच्या पुस्तकातला आकडा घ्यावा. एका पॉइंटवर टेकडी व दुसऱ्यावर खड्डा तयार झाला असेल, तर फिलर गेज (अंतर मोजायची पातळ पट्टी) टेकडीवरूनच मोजते आणि खरे अंतर त्याहून जास्त असते. असे पॉइंट घासत बसू नयेत, बदलावेत. कॅमच्या, म्हणजे शाफ्टवरच्या पॉइंट उघडणाऱ्या चार उंचवट्यांच्या, उंच भागावर पॉइंटची फायबरची टाच आल्यावरच मोजावे, स्क्रू आवळल्यावर पुन्हा मोजावे, कारण आवळतानाच अंतर सरकते. चारही उंचवट्यांवर मोजमाप वेगवेगळे येत असेल, तर शाफ्टचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) झिजले आहे आणि जगातले कोणतेही नवे पॉइंट तेथे टिकणार नाहीत. टाचेखाली ग्रीस अगदी थोडे लावावे. जास्त लावले की ते उडून पॉइंटवरच बसते.

कंडेन्सरबद्दल माझे मत कडक आहे. नव्या पाकिटातला म्हणून तो चांगला, असे कधीही धरू नये. चांगला चाललेला जुना कंडेन्सर जपून ठेवावा. पॉइंटमध्ये उघडताना ठसठशीत निळी ठिणगी दिसते, ते काळेनिळे जळतात आणि प्लगवरची ठिणगी मात्र दुबळी असते, तेव्हा संशय कंडेन्सरवर. तपासण्यासाठी डिस्ट्रिब्युटर सोडायला नको: संशयित कंडेन्सरची वायर सुटी करून खात्रीचा कंडेन्सर बाहेरूनच जोडावा, त्याची वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील टर्मिनलला आणि त्याची बॉडी अर्थला. रस्त्यात बंद पडलेली गाडी अशाने घरी येते.

चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना गाडी तापली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, असे असेल तर ठिणगी बंद पडल्याक्षणीच पाहावी, गार झाल्यावर नव्हे. ठिणगी गायब असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर, निळी ठिणगी असेल तर पेट्रोलची वाफ; मग फ्यूल पंपावर ओले फडके टाकावे आणि कॉइलला दोष देऊ नये. गार कॉइलवर मीटर बहुधा निर्दोष आकडा दाखवतो, त्यामुळे गॅरेजमध्ये थंड गाडीवर घेतलेली ती मोजमापे मला पटत नाहीत.

कॅप सुक्या कापडाने पुसून आतून पेन्सिलीच्या रेषांसारखे काळे माग दिसतात का पाहावे. दिसले तर कॅप फेकून द्यावी, खरवडून पुन्हा वापरू नये. कॅपच्या आत मधोमध असलेला कार्बनचा तुकडा स्प्रिंगवर मोकळा हलला पाहिजे. रोटरच्या पितळी पट्टीवर मधल्या वायरीचे टोक तीनेक मिलिमीटर वर धरून, इग्निशन चालू ठेवून पॉइंट पेचकसाने उघडावेत. ठिणगी रोटरवर उडी मारते, तर रोटर आतून फुटून करंट शाफ्टला जात आहे. प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने लावाव्यात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, शेवटी बघावे, कारण पॉइंटचे अंतर बदलले की टायमिंगही बदलते.